कळपातली म्हातारी

मंडळी, एकवीरेला आपल्यातलं कोण गेलेलं नाही? चिंचवडहून लोणावळा लोकल पकडायची आणि मळवलीला उतरायचं, नाहीतर जुन्या हायवेने कार्ला फाट्याला वळायचं. पायऱ्या चढायच्या, ओटी घ्यायची, रांगेत उभं राहायचं. देवळाच्या अगदी लगत कार्ल्याचं चैत्यगृह आहे. बरेच जण आत एक चक्कर टाकतात, आवाज घुमतो का ते बघायला एक हाळी देतात आणि भूक लागली म्हणून खाली उतरतात. माझी विनंती एवढीच, की पुढच्या वेळी आत जायच्या आधी व्हरांड्यात दहा मिनिटं थांबा आणि दोन्ही बाजूंच्या भिंती बघा. प्रत्येक भिंतीच्या तळाशी तीन-तीन हत्ती आहेत. अंगाचा पुढचा भाग तेवढा कातळातून बाहेर आलेला, जणू डोंगर आतून ढकलत ते बाहेर पडतायत. त्यांच्या डोक्यावर मजल्यामागून मजले कोरलेले. सगळा भार बिचाऱ्यांवर.

हे चैत्यगृह आपल्या देशातलं सर्वांत मोठं. लांबी साधारण १२४ फूट, खांब ३७, वय अंदाजे १९०० ते २००० वर्षं. हत्ती आतही आहेत. कोरीव खांबांच्या माथ्यावर गुडघे टेकून बसलेल्या हत्तींच्या जोड्या आणि त्यांच्यावर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. पण माझा जीव बाहेरच्या सहा जणांवर. कारण त्यांचा दाता कोण ते आपल्याला ठाऊक आहे. तिथल्याच एका लेखात लिहिलंय, की हे हत्ती आणि त्यांच्या पुढची वरची-खालची वेदिका हे इंद्रदेव नावाच्या एका वृद्ध भिक्षूचं दान आहे. शब्द चक्क 'हथि' असा आहे! दोन हजार वर्षांत आपण त्याला एक 'त' तेवढा लावला.

(थोडं विषयांतर. तिथल्याच एका राजाज्ञेत 'मामाळ' असं नाव येतं. म्हणजे आपलं मावळ. तळेगाव-वडगावच्या पाव्हण्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.)

आता मुद्द्याचं. या हत्तींना एके काळी खरे हस्तिदंती सुळे होते असं मानतात. दगडात न कोरता वेगळे करून बसवलेले. ते केव्हाच गेले, कोणी नेले देव जाणे. पण सुळे होते म्हणजे हे सहाही नर. आशियाई हत्तींमध्ये लांब सुळे फक्त नराला येतात, मादीला आलेच तर बोटभर, ओठाआड लपलेले. आणि कार्लाच कशाला, मिरवणुकीतला हत्ती, देवळाच्या दारातला हत्ती, राजाच्या अंबारीचा हत्ती, सगळे सुळेवाले. संस्कृतात कळपाच्या प्रमुखाला यूथपती म्हणतात, तोही नर. गजेंद्रमोक्षातला गजेंद्र नर. मराठीत 'गजराज' म्हटलं की भारदस्त वाटतं, 'गजराणी' म्हणून बघा, वगातलं पात्र वाटेल.

गंमत अशी, की खऱ्या कळपात राजा नसतोच. नर दहा-पंधरा वर्षांचा झाला की कळपातून बाहेर पडतो आणि पुढे बहुतेक एकटा किंवा दोघा-चौघा नरांबरोबर हिंडतो. कळप असतो बायकांचा! आज्या, आया, मावश्या, बहिणी आणि पोरं. पुढे असते वयाने मोठी हत्तीण. हे शास्त्रज्ञांनी नीट लिहून ठेवायला विसावं शतक अर्धं उलटून जावं लागलं. १९६०च्या दशकात इयान डग्लस-हॅमिल्टन टांझानियात मन्यारा सरोवराकाठच्या हत्तींमागे फिरत होते. १९७२ पासून सिंथिया मॉस केनियातल्या अंबोसेलीत एकेका कुटुंबाला नाव देऊन त्यांची वंशावळ मांडू लागल्या. आपल्याकडे भाटांनी जे काम केलं तेच, फक्त हत्तींचं, आणि आईकडून.

त्यांच्या वहीतली एक हत्तीण म्हणजे एको. चाळिशी ओलांडलेली, सुळे पुढे वाकून एकमेकांना भिडलेले. १९९० साली तिला एक पिल्लू झालं. त्याचे पुढचे दोन्ही पाय मनगटात मुडपलेले, उभं राहता येईना, आचळांपर्यंत तोंड पोचेना. कळपाला चारा-पाण्यासाठी पुढे जाणं भाग होतं. एको त्याच्याजवळ थांबली, आणि तिच्याबरोबर तिची लेक, एनिड. पिल्लू गुडघ्यांवर खुरडत चार पावलं यायचं, एको चार पावलं चालून थांबायची. ना ओढाओढ ना आरडाओरडा. तिसऱ्या दिवशी त्या पिल्लाचे पाय सरळ झाले. हे सगळं चित्रीत झालेलं आहे. मार्टिन कोलबेक यांनी पुढे वर्षानुवर्षं एकोवर चित्रपट केले आणि जगभरच्या लोकांनी ही म्हातारी घरबसल्या बघितली. २००९ साली ती गेली, वय साधारण ६४. हत्तिणीला हत्तीण म्हणून, कळपाची कर्ती म्हणून कलेत मान मिळाल्याचं इतकं सरळ उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही.

आणि ती नेमकं करते काय? लढाई नाही, डरकाळी नाही. अंबोसेलीतच २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात इतर हत्तींचे आवाज ध्वनिवर्धकावरून कळपांना ऐकवले होते. जिथे प्रमुख हत्तीण वयस्क होती तिथे कळप ओळखीच्या आवाजाला उगाच घाबरला नाही, अनोळखी आवाजाला मात्र लगेच एकत्र झाला. आणखी एक उदाहरण टांझानियातलं. १९९३ साली तारांगिरेत मोठा दुष्काळ पडला आणि नऊ महिन्यांत ८१ पिल्लांपैकी १६ दगावली. ज्या कळपांनी वेळेवर अभयारण्य सोडून दुसरीकडे पाणी-चारा गाठला त्यांची पिल्लं कमी गेली. जो कळप तिथेच थांबला त्याची जास्त गेली. त्या कळपात १९५८ ते ६१ चा दुष्काळ आठवेल इतकी म्हातारी हत्तीणच उरली नव्हती. आधीच्या शिकारीत मोठ्या वयाच्या हत्तिणी मारल्या गेल्या होत्या.

आपल्याकडच्या हत्तींचं गणित थोडं सैल आहे हे सांगितलं पाहिजे. श्रीलंकेत आणि कर्नाटकात झालेल्या अभ्यासांतून दिसतं, की आशियाई हत्तिणींचे गट सारखे फुटतात, पुन्हा जुळतात, आणि अमुकच एक प्रमुख असा आफ्रिकेसारखा काटेकोर मान तिथे नसतो. पण बायकांचं कुटुंब आणि थोरलीची वाटा-पाणवठ्यांची आठवण, हे इथेही आहेच. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून वीसेक हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला तो माद्या-पोरांसकट. त्याने शेतकऱ्यांच्या धानाची धूळधाण केली, माणसंही दगावली, तेव्हा शहरात बसून त्याचं कौतुक करणं मला जमणार नाही. तरी नकाशा पाहताना वाटतंच, की नद्या आणि रस्ते ओलांडत, पोरं सांभाळत एवढ्या लांब यायचं कुणी ठरवलं असेल?

असो. तर आपल्या जुन्या कलाकारांना हे माहीत नव्हतं का? निदान ज्यांचा जन्म जंगलात गेला त्यांना माहीत असणारच. अजिंठ्यात शोधायला गेलात तर दोन गोष्टी भेटतात. पहिली छद्दंत जातकाची, दहाव्या लेण्यात फार जुनी आणि सतराव्यात पुन्हा काढलेली. सहा सुळ्यांचा गजराज, आठ हजारांचा कळप, दोन राण्या. एकीच्या अंगावर फुलं पडली, दुसरीच्या अंगावर मुंग्या आणि वाळका पाला, त्यावरून सवतीमत्सर, सूड आणि शेवटी सुळे कापून देणारा तो उदार हत्ती. चित्र अप्रतिम आहे, पण हत्तिणी त्यात बायका म्हणूनच येतात, एक चांगली एक वाईट. सासू-सुनांच्या मालिकांची पाळंमुळं इतकी खोल गेलीत. :)

दुसरी गोष्ट मातृपोषक जातकाची. हीही सतराव्या लेण्यात, म्हणजे वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली, पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. एक पांढरा हत्ती असतो, त्याची आई आंधळी. तो तिच्यासाठी कळपातल्या हत्तींबरोबर फळं पाठवतो, ते वाटेतच खाऊन टाकतात. मग तो कळप सोडतो आणि आईला घेऊन एका तळ्याकाठी, डोंगरातल्या गुहेत राहायला जातो. रानात चुकलेल्या एका माणसाला तो वाट दाखवतो आणि तोच माणूस वाराणसीच्या राजाला खबर देतो. हत्ती पकडला जातो. राजवाड्यात त्याला सजवतात, पुढ्यात उत्तम चारा टाकतात, तो तोंड लावत नाही. राजा कारण विचारतो. कळतं, की तिकडे आई उपाशी आहे. राजा त्याला सोडून देतो. तो धावत जातो, सोंडेत पाणी घेऊन आईच्या अंगावर उडवतो. तिला दिसत नाही, ती पावसाला शिव्या घालते, की मेला हा अवेळी कुठून आला, माझा सांभाळणारा पोरगा तर गेला! मग तो सांगतो, आई, मीच. भिंतीवर ही मायलेकरांची भेट बघताना गाईडचा आवाज ऐकू येईनासा होतो.

पण कथेचा शेवट पुढे आहे. राजा त्या हत्तीची दगडी मूर्ती घडवून घेतो, आणि दरवर्षी लोक जमून तिचा उत्सव करतात. मूर्ती मुलाची! आईची नाही. शिवाय कळपाने म्हातारीची फळं खाल्ली हा तपशील कथा सांगणाऱ्याने हत्तींकडे बघून लिहिलेला नसावा. त्याने आजूबाजूची घरं बघितली असणार. रानात आंधळी-लंगडी झालेली थोरली मागे पडली की बाकीच्या थांबतात, अशी कितीतरी निरीक्षणं नोंदलेली आहेत.

आमच्या भागातून दुसरा रस्ता निघतो तो नाशिक फाट्यावरून. भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, असं करत नाशिक. चाकणच्या कोंडीत अडकलेल्यांना पटणार नाही, पण हा रस्ता शेवटी एका आईपाशी जातो. नाशिकच्या पांडवलेण्यांतलं तीन नंबरचं लेणं गौतमी बलश्रीचं. गौतमीपुत्र सातकर्णीची ती आई, आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावीची आजी. नातवाच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी तिने हे लेणं भिक्षूंना दिलं आणि भिंतीवर मोठा लेख कोरवला. त्यात स्वतःची ओळख महादेवी, महाराजाची आई आणि महाराजाची आजी अशी करून दिली आहे. सत्य, दान, क्षमा, अहिंसा यांत रमलेली, असंही. बाकी जवळजवळ सगळा लेख मुलाबद्दल. शक-यवन-पल्हवांचा त्याने नाश केला, क्षहरातांचं कूळ निपटून काढलं वगैरे आपण शाळेत शिकलोच. पण त्या लांबलचक यादीत दोन बारीक विशेषणं आहेत. एक, त्याची चाल उत्तम हत्तीसारखी डौलदार होती. दुसरं, तो आईची सेवा अखंड करत असे.

म्हणजे अजिंठ्यात चित्र निघायच्या तीनशेहून अधिक वर्षं आधी, एक म्हातारी आई आपल्या मुलाला हत्ती म्हणते आणि मातृसेवकही म्हणते. मला हे वाचून काही दिवस दुसरं सुचत नव्हतं. राज्य चालवण्यात तिचा किती हात होता? त्याच लेण्यात आणखी एक आज्ञा कोरलेली आहे. कारकिर्दीच्या चोविसाव्या वर्षी गौतमीपुत्राने नाशिकच्या अधिकाऱ्याला काढलेली, आणि ती राजा आणि राजमाता अशा दोघांच्या नावाने आहे. मुलगा शत्रूंचा संहार करत फिरत असताना जमिनीचे कागद कोण बघत होतं, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. त्या लेण्यात बलश्रीची मूर्ती मात्र नाही. कार्ल्यातही अशी एक आई आहे. महादेवणक नावाच्या गृहस्थाची आई भायिला. तिच्या दानाची एक ओळ उरली आहे, चेहरा नाही.

महादेवी या शब्दावरून कोल्हापूरकरांना लगेच नांदणीची हत्तीण आठवेल. १९९२ पासून ती नांदणीच्या जैन मठात होती, लोक प्रेमाने माधुरी म्हणायचे. न्यायालयाच्या आदेशाने जुलै २०२५ मध्ये तिला जामनगरच्या वनतारात नेलं तेव्हा गावंच्या गावं रडली, मोर्चे निघाले. लोकांची माया खरी होती यात मला शंका नाही. ज्यांनी तिच्या पायांबद्दल आणि एकटेपणाबद्दल काळजी केली त्यांचीही खरी होती. मी एवढंच बघतो, की पोरीबाळी-नातींच्या घोळक्यात पुढे चालायचं तो जन्म तिचा, आणि तेहतीस वर्षं ती माणसांच्या घोळक्यात होती. नाव मात्र आपण राणीचं दिलं.

आता घरचं. काका, आत्या, तुम्ही हे वाचणार आहात म्हणूनच लिहितोय.

१९७२ च्या दुष्काळात आपल्या गावात बैल कवडीमोलाने विकले गेले हे सगळ्यांना माहीत आहे. आपले विकले गेले नाहीत. आजोबांनी ते मावळात पाठवले, पाऊस झाल्यावर परत आणले, आणि पुढच्या वर्षी अर्ध्या आळीची पेरणी आपल्या बैलांवर झाली. अजूनही गावात म्हातारी माणसं भेटली की आजोबांच्या दूरदृष्टीचं नाव काढतात. पण हे ठरलं कसं ते थोरल्या आत्यांनी मला सांगितलंय. एका रात्री भाकरी वाढता वाढता आजी म्हणाली, "दावणीला मरायच्या आत माझ्या माहेरी घाला. तिकडं गवत हाय. माझ्या सासूनं एकदा असंच केलं व्हतं." एवढंच. आजोबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी चावडीवर त्यांनी हा आपला निर्णय म्हणून सांगितला आणि आजीने तो नव्यानेच ऐकल्यासारखा ऐकला. भामेच्या पात्रात झिरा कुठे खोदायचा, मिलोच्या भाकऱ्या पोरांच्या गळी कशा उतरवायच्या, हेही तिचंच. पुढे एमआयडीसीत जमीन गेली तेव्हा पैशांवरून घराची शकलं झाली नाहीत. तेव्हाही ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती आणि मोजून दोन वाक्यं बोलली. ती काय, ते आत्यांना विचारा.

तारांगिरेच्या त्या कळपाबद्दल वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा दावणीचे बैल दिसले.

आजोबांचा फेटा बांधलेला मोठा फोटो आपल्या जुन्या घरात दर्शनी भिंतीवर होता. आजीचा एकटीचा फोटो नाही. आहे तो लग्नातल्या ग्रुप फोटोत, कडेला, अर्धा चेहरा दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्याआड. तेवढाच मोठा करून घेता येईल का म्हणून मी चिंचवडच्या एका स्टुडिओत विचारलं, तो म्हणाला, अर्धा चेहरा कॉम्प्युटरवर तयार करून देतो. नको म्हटलं. अर्धा तर अर्धा, पण तिचाच असू दे.

आणि आता चुलतभावाने चाकणला इमारत बांधली आहे. नाव ठरलंय आजोबांचं. गेटच्या दोन्ही बाजूंना दोन सिमेंटचे हत्ती बसणार आहेत, सोंड वर केलेले, आपल्या पट्ट्यात हल्ली नव्या बंगल्याला लावतात तसे. नावाला माझा विरोध नाही. आजोबांनीही कष्ट काढले, आणि बायकोचं ऐकायची अक्कल १९७२ साली सगळ्यांकडे नव्हती. पण हत्ती घ्यायला मी भावाबरोबर गेलो होतो. हायवेच्या कडेला ताडपत्रीखाली सिंह, गरुड, तुळशीवृंदावनं मांडून बसलेला कारागीर होता. मी त्याला विचारलं, यातली एक हत्तीण मिळेल का? भाऊ माझ्याकडे बघायला लागला. कारागीर म्हणाला, साचा हत्तीचाच आहे, हत्तिणीचा कुणी मागत नाही. मग जरा विचार करून म्हणाला, "साहेब, सुळे आम्ही मागनं बसवतो. सळई घालून. तुम्हाला एकाला नको असतील तर नाय बसवत. भोकं बुजवून देतो."

जाणकार म्हणतील, नुसते सुळे काढून हत्तीण होत नाही, बिनसुळ्याचा नरही असतो, त्याला मखना म्हणतात, शिवाय हत्तिणीचं कपाळ आणि पाठ वेगळी. मान्य. पण कार्ल्याच्या व्हरांड्यातल्या त्या सहा जणांचेही सुळे मागाहून बसवलेले होते आणि आज एकाचेही जागेवर नाहीत.

ऑर्डर दिली आहे. एक सुळ्यांसकट, एक सुळ्यांशिवाय. भावाला अजून पटलेलं नाही, वहिनी मात्र हसली आणि म्हणाली, बिनसुळ्याची माझ्या स्वयंपाकघराच्या बाजूला लावा.